सर्वांना एकच खांदा

निखळलेला खांदा जागेवर बसतो तेव्हा भरल्या पोत्यावर पोते टाकल्यासारखा बुजलेला आवाज येतो. तो ऐकला की रोगी रडायचा थांबतो, पुष्कळदा हसतोही. उमेदवारीच्या वर्षांत मी तो आवाज अनेकदा ऐकला आणि तो मला आवडत असे. चांगला खांदा मुद्दाम बाहेर काढताना होणारा आवाज मात्र मी एकाच दिवशी ऐकला. त्या दिवसाला अजून फार वर्षे झालेली नाहीत, आणि त्यातली माणसे सगळी जिवंत आहेत, म्हणून कोणाचे नाव लिहीत नाही.

ठाण्याला खाडीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका मयत व्यापाऱ्याच्या देणगीतून चाललेला धर्मादाय दवाखाना होता. तिथे दोन वर्षे उमेदवारी करायची, जखमा धुवायच्या, पट्ट्या बांधायच्या, दात उपटताना डोके धरायचे, आणि शेवटी परीक्षा द्यायची. उत्तीर्ण झालेल्याला दाखला मिळे आणि तो घेऊन तालुक्याच्या एखाद्या दवाखान्यात नोकरीला जाता येई. परीक्षा कागदावरची नसे. समोर माणूस ठेवत, आणि डॉक्टर उमेदवाराचे हात पाहत.

मी कल्याणचा. वडील शिंपी. आमच्या घरी पोथी नव्हती, चोपड्या होत्या. मुंबईहून येणाऱ्या, पिवळट कागदाच्या, दोऱ्याने टाचलेल्या. दारूविरुद्ध, केशवपनाविरुद्ध, श्राद्धाच्या जेवणावळींविरुद्ध, मुलींच्या शाळांच्या बाजूने. वडील शिवत बसत आणि मी समोर बसून वाचून दाखवी. एखादे वाक्य त्यांना लागले की सुई थांबे. "हे पुन्हा वाच," ते म्हणत, आणि पुन्हा वाचल्यावर सुई चालू होई. मी लिहायला शिकलो तो असा. ज्या वाक्याला सुई थांबत नाही ते वाक्य मी आजही खोडतो.

माझ्या परीक्षेच्या आदल्या वर्षी मी परीक्षेच्या खोलीत पाणी आणून देण्याच्या कामावर होतो. दवाखान्याच्या विश्वस्तांच्या नात्यातल्या एका उमेदवाराला बोटावरचे गळू फोडायला दिले. त्याच दिवशी शहापूरकडच्या एका कुणब्याच्या मुलाला कल्याणच्या रेल्वे यार्डात डब्याखाली चेंगरलेला पाय कापायला दिला. गळूवाला हात धुऊन घरी गेला. कुणब्याच्या मुलाने करवत धरली, हाड अर्धे कापले, आणि रोगी टेबलावरच गेला. रक्त माझ्या दोन्ही बादल्यांत होते. मुलगा नापास झाला. तो पुन्हा ठाण्याला आला नाही.

मी पत्रक काढले. कल्याणच्या एका छापखान्यात छापले, ठाण्याच्या बाजारात आणि खुद्द दवाखान्याच्या दारावर डकवले. मागणी एकच होती. परीक्षा घ्यायची असेल तर सर्व उमेदवारांना एकच घ्या. जात पाहून रोगी वाटू नका.

विश्वस्त खवळले. दवाखान्याचे मोठे डॉक्टर मात्र दारात उभे राहून पूर्ण पत्रक वाचत राहिले. ते पुण्याचे, मुंबईच्या वैद्यकशाळेत पहिल्या काही जणांत आलेले, चष्मा कपाळावर चढवून बोलणारे. त्यांनी पत्रक काळजीपूर्वक सोडवून घडी घातली आणि मला बोलावले.

"भाषा उद्धट आहे," ते म्हणाले. "मुद्दा बरोबर आहे. पुढच्या वर्षी तसंच होईल."

मला वाटले, मी जिंकलो.

त्या वर्षी आम्ही तिघे होतो. एक पनवेलचा, तालमीत वाढलेला, मानेला घडी न पडणारा. दुसरा डोंबिवलीचा, विश्वस्तांपैकी एकाचा भाचा, सडपातळ आणि घाबरट. तिसरा मी. शिमगा नुकताच होऊन गेला होता आणि सकाळीच उकडत होते. आम्ही ओट्यावर बसलो होतो.

"तुझ्या त्या पत्रकापायी आज मला पाय कापावा लागला तर बघ," डोंबिवलीचा मला म्हणाला.

"तू करवत उचललीस तर पाय आपणहून पळून जाईल," पनवेलचा म्हणाला.

"तुला काय, तू नुसता ओढतोस. बैल आहेस."

"म्हणून तर पास होणार. परीक्षा हातांची आहे, मामांची नाही."

एवढ्यात दोन माणसे आली. कळव्याच्या बाजूच्या मिठागरावरचे आगरी, सख्खे भाऊ. दोघांच्याही पायांवर गुडघ्यापर्यंत मिठाचा पांढरा थर होता. धाकट्याने डाव्या हाताने आपला उजवा हात दुसऱ्या कोणाचे मूल उचलावे तसा धरला होता. डोक्यावर मिठाची पाटी घेऊन बांधावरून चालताना तो घसरला होता आणि पडताना हातावर सगळे वजन आले होते. खांद्याचा गोल भाग जाऊन तिथे कोपरा झाला होता.

"गेल्या पावसात पन निगाला व्हता," थोरला सांगत होता. "गावातल्या म्हाताऱ्यानं बसवला. आता म्हाताराच नाय."

डॉक्टरांनी खांदा दोन बोटांनी चाचपला. त्यांचा चेहरा उजळला. मी त्यांना इतके प्रसन्न क्वचितच पाहिले होते.

"आजची परीक्षा हीच," ते आम्हांला म्हणाले.

"तिघांना?" पनवेलच्याने विचारले.

"तिघांना. एकच. पत्रकाप्रमाणे."

आम्हांला वाटले, एक जण सांधा बसवील आणि बाकी दोघांना तोंडी विचारतील. थोरल्या भावाला ओट्यावर थांबवले. आम्ही आत गेलो. डॉक्टरांनी दाराला कडी घालायला सांगितली.

आत फरशीवर चटई होती. रोगी धरण्यासाठी ठेवलेले दोन गडी भिंतीशी उभे होते. पनवेलच्याने क्लोरोफॉर्मची बाटली घ्यायला हात पुढे केला तेव्हा डॉक्टरांनी मान हलवली.

"बेशुद्ध माणसाचा सांधा कोणीही बसवील. तुम्ही जाणार वाड्याला नाहीतर मुरबाडला. तिथे बाटली संपलेली असेल. शुद्धीतल्या माणसाचा स्नायू झुंजतो. त्या झुंजीत तुमचे हात काय करतात ते मला पाहायचं आहे."

हे म्हणणे खोटे नव्हते. पनवेलच्याने हात मागे घेतला.

पनवेलच्याने शिकवल्याप्रमाणे केले. आधी मनगटावर नाडी पाहिली. "दादा, बोटं हलवून दाखव," म्हणाला. मिठागरवाल्याने पाचही बोटे हलवली. मग पनवेलचा त्याच्याशेजारी फरशीवर बसला, आपली उघडी टाच त्याच्या काखेत रोवली, मनगट दोन्ही हातांत धरले आणि हळूहळू, हिसका न देता, दोर ओढावा तसा ओढू लागला. मिठागरवाला दात खाऊन गुरगुरत होता. त्याच्या मानेवरच्या शिरा सुतळीसारख्या झाल्या. मग तो बुजलेला आवाज आला.

तो हसला. "आयला, बसला," म्हणाला आणि उठून डोक्याचे फडके शोधू लागला.

"बसा," डॉक्टर म्हणाले. "अजून दोन आहेत."

"दोन काय? अवशीद?"

डॉक्टरांनी गड्यांकडे पाहिले. त्यांनी त्याला खांद्यांना धरून परत निजवले. डॉक्टर त्याच्याजवळ गुडघे टेकून बसले. त्यांनी त्याचे मनगट इतक्या हळुवारपणे उचलले की तो विश्वासाने हात सैल सोडून पडला. त्यांनी हात बाहेरच्या बाजूला नेला, कानाच्या रेषेपर्यंत वर केला, तळवा वर येईल असा वळवला, आणि डाव्या हाताच्या तळव्याने खांद्याला मागून एकच धक्का दिला.

कोंबडीची तंगडी सांध्यातून पिळून काढताना येतो तो आवाज. पण मोठा. आणि त्यावर माणसाचे ओरडणे.

बाहेरून थोरला भाऊ दारावर मुठी मारू लागला. "काय झाला? काय केला रं?"

आतला ओरडायचा थांबला तेव्हा धापा टाकत त्याने डॉक्टरांना विचारले, "बसवला व्हता ना? मंग परत कनाला कारलास?"

बसवला होता, मग परत का काढला. त्याचे विचारणे एवढेच होते. डॉक्टर उठून उभे राहिले, हात पुसले आणि डोंबिवलीच्याला म्हणाले, "या."

डोंबिवलीच्याचे ओठ पांढरे पडले होते. तो सरळ हाताला झोंबला.

"नाडी?" डॉक्टर म्हणाले.

"पाहिली," तो म्हणाला. पाहिली नव्हती.

त्याची टाच काखेत न जाता बरगडीवर गेली. त्याने ओढले तसा मिठागरवाला चटईसकट फरफटत आला. पुन्हा ओढले. मिठागरवाल्याने डावा हात सोडवून घेतला आणि डोंबिवलीच्याचे नाक फोडले. एका गड्याने तो हात दाबला, तर मिठागरवाल्याने त्या गड्याच्या मनगटाला कडकडून चावा घेतला आणि सोडेचना. गड्याने मोकळ्या मुठीने त्याच्या तोंडावर ठोसे मारले, दातांची पकड सुटेपर्यंत. एक दात फरशीवर घरंगळत माझ्या पायाशी आला. दुसऱ्या गड्याने त्याचे पाय पट्टीच्या कापडाने आवळून बांधले. डोंबिवलीच्याच्या नाकातले रक्त आणि मिठागरवाल्याच्या तोंडातले रक्त एकाच चटईवर पसरले, आणि त्यात दोघांचेही पाय घसरत होते.

"रडू नका," डॉक्टर डोंबिवलीच्याला म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात असे तसाच होता. "टाच काखेत. सावकाश ओढा."

त्याने सावकाश ओढले नाही. डोळे मिटून, सगळे अंग मागे टाकून हिसका दिला. खांदा बसला, पण त्याबरोबर आत काहीतरी खरडल्यासारखे वाजले. मिठागरवाल्याला ओकारी झाली. त्याची बुबुळे वर गेली आणि थोड्या वेळाने परत खाली आली.

डॉक्टरांनी सांधा चाचपला. "बसला. हिसका दिलात, नाडी पाहिली नाहीत. गुण कापले जातील. पण बसला."

डोंबिवलीचा कोपऱ्यात जाऊन भिंतीला कपाळ टेकून उभा राहिला. डॉक्टर माझ्याकडे वळले.

"तुमची पाळी."

"सांधा बसलेला आहे," मी म्हणालो.

"तो आता काढू."

"आधी नाडी, मग बोटं, मग खांदा. आपणच शिकवलंत. मला नाडी पाहू द्या."

"निखळल्यावर पाहा. बसलेल्या सांध्यात काय पाहायचं?"

मी थांबलो नाही. त्याच्या डोक्याशी बसलो आणि दोन्ही मनगटे दोन्ही हातांत धरली. डावी नाडी ढोलासारखी उडत होती. उजवी शोधावी लागली. उजवा हात गार होता. "दादा, बोटं हलव," मी म्हणालो. अंगठा हलला, शेजारची दोन बोटे थरथरली. करंगळी आणि तिच्या जवळचे बोट मेल्यासारखी पडून राहिली. शिंप्याच्या मुलाच्या सदऱ्याच्या पट्टीत सुई टोचलेली असते. मी ती काढली आणि करंगळीच्या टोकाला टोचली. रक्ताचा थेंब आला. तो छताकडे पाहत राहिला. खांद्याच्या बाहेरच्या कातडीवर टोचली. तरी तो छताकडेच पाहत होता. डाव्या हाताला टोचली तेव्हा त्याने मला आईवरून शिवी दिली.

"करंगळी आणि शेजारचं बोट बधिर," मी डॉक्टरांना म्हणालो. "खांद्यावरची कातडी बधिर. उजवी नाडी बारीक. सकाळी यानं पाचही बोटं हलवून दाखवली होती. जे झालं ते या खोलीत झालं."

डॉक्टरांनी स्वतः नाडी पाहिली. क्षणभर त्यांची बोटे त्या मनगटावर थांबली. "निदान चांगलं आहे," ते म्हणाले. "त्याचे गुण देतो. आता सांधा."

"आणखी एकदा काढलात तर हात जाईल. हा मिठागरावर काम करतो. हात गेला की माणूस गेला."

"मी काढणार आहे. माझ्या हातून कोणाचा हात गेलेला नाही."

"मग मला नापास करा."

"ते सोपं आहे. पण मग परीक्षा सारखी झाली नाही. या दोघांनी झुंज दिली, तुम्हांला सूट मिळाली. उद्या हे पत्रक काढतील, आणि बरोबर काढतील." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो सुधारक, शब्द तुमचे आहेत. मी फक्त पाळतो आहे."

"मी उमेदवारांबद्दल लिहिलं होतं."

"याच्याबद्दल काय लिहिलं होतंत?"

मी तो गार हात दोन्ही हातांत धरला.

"काहीच नाही," डॉक्टर म्हणाले. "मला पाठ आहे ते."

आणि ते गुडघे टेकून त्या हाताकडे वाकले.

मी मिठागरवाल्यावर आडवा पडलो. त्याचा उजवा हात माझ्या पोटाखाली धरला आणि त्याचे धोतर मुठीत आवळले. एका गड्याने मला केसांना धरून ओढले. केसांचा पुंजका त्याच्या हातात गेला, मी गेलो नाही. दुसऱ्याने बरगड्यांत लाथ घातली, मग आणखी एक. मला श्वास घेता येईना. डॉक्टरांनी माझी मान धरून तोंड वर केले आणि गालावर चपराक मारली, पूर्ण हाताने, मास्तर मारतो तशी. माझा हात शेजारच्या पितळी तस्तावर पडला, आणि मी ते उचलून त्यांच्या कपाळावर मारले. काठ भुवईवर लागला. कातडी डोळ्यावर लोंबली आणि अर्धा चेहरा लाल झाला. चष्मा फरशीवर फुटला.

तस्त मी मारले. पुन्हा वेळ आली तर पुन्हा मारीन.

गड्यांनी मग मला मन लावून मारले. मार खाता खाता मी पाहिले की पनवेलचा, जो इतका वेळ पुतळ्यासारखा उभा होता, तो दाराशी गेला आणि त्याने कडी काढली. त्याने एवढेच केले आणि बाजूला झाला.

थोरला भाऊ आत आला. त्याने समोरच्या गड्याला गळ्याला धरून भिंतीवर आपटले, एकदा, दोनदा, गडी सरकत खाली बसेपर्यंत. दुसरा गडी खिडकीतून उडी टाकून पळाला. मग भाऊ माझ्याकडे वळला. मी धाकट्यावर आडवा पडलेला, तोंड रक्ताने भरलेले. त्याला आम्ही सगळे डाक्तरच. त्याने मला उचलले आणि जबड्यावर मारले. माझ्या दाढेचा तुकडा मी गिळला.

"त्याला नको रं," धाकटा खालून म्हणाला. "तो मधी आला."

भावाची मूठ हवेत थांबली. मला त्याने सोडले तसा मी बसलोच. बसल्या बसल्याच मी पट्टीचे स्वच्छ कापड ओढून घेतले आणि तो हात कोपरात मोडून छातीशी बांधला. बांधताना धाकटा मला शिव्या देत होता आणि मी गाठी मारत होतो. महिनाभर हात सोडू नको, काहीही उचलू नको, बोटे रोज चोळ, असे मी थोरल्याला सांगितले. त्याने धाकट्याला पाठीवर घेतले आणि दोघे गेले.

खोलीत आम्ही चौघे राहिलो, आणि भिंतीशी कण्हणारा गडी. डॉक्टर खुर्चीवर बसले होते. भुवईवर धरलेला रुमाल भिजून टपकत होता.

"टाके घालावे लागतील," ते म्हणाले. "कोण घालणार?"

पनवेलच्याने हात पुढे केले. जाड, तालमीचे हात. डॉक्टरांनी मान हलवली आणि माझ्याकडे बोट केले. "यांचा टाका चांगला आहे."

मी तोंडातले रक्त थुंकलो आणि हात धुतले. वाकडी सुई घेतली, रेशीम ओवले. क्लोरोफॉर्मची बाटली समोरच्या फळीवर होती. मी तिकडे पाहिले. डॉक्टर म्हणाले, "नको."

मी पहिला टाका घातला. ते हलले नाहीत. कातडीतून रेशीम ओढताना होणारी ती बारीक करकर मला ऐकू येत होती, त्यांनाही येत असणार. माझा एक डोळा सुजून मिटला होता, म्हणून मी अगदी जवळ वाकून घालत होतो. त्यांचा श्वास माझ्या तोंडावर येत होता. शेवटच्या टाक्यापर्यंत त्यांच्या घशातून आवाज निघाला नाही. या माणसाला मला दुष्ट म्हणता आले असते तर फार सोपे झाले असते. तो दुष्ट नव्हता. त्याला तत्त्व सापडले होते आणि त्या तत्त्वाखाली कोण निजले आहे हे त्याला दिसत नव्हते.

मी रेशीम कापले. त्यांनी भुवई बोटाने चाचपली.

"टाके उत्तम," ते म्हणाले. "सांध्यात नापास. हे दोघे उत्तीर्ण."

त्यांनी पोलिसांत तक्रार केली नाही. उमेदवारांच्या वहीतून माझे नाव काढून टाकले, आणि कारण लिहिले की उमेदवाराने सांधा बसवला नाही. ते खरेच होते. डोंबिवलीचा शहापूरच्या बाजूला नोकरीला लागला. पनवेलचा दाखला घेऊन गेला आणि मला पुन्हा भेटला नाही. मी कल्याणला परत आलो, वडिलांना सगळे सांगितले. त्यांनी सुई थांबवली आणि बराच वेळ चालू केली नाही.

सारख्या परीक्षेची मागणी मी मागे घेतलेली नाही. गळू एकाला आणि चेंगरलेला पाय दुसऱ्याला, हा अन्याय आजही चालतो आणि आजही मी त्याविरुद्ध लिहितो. पण आता मी त्या मागणीच्या आधी दुसरे कलम घालतो. ज्या शरीरावर परीक्षा घ्यायची ते शरीर परीक्षा घेणाऱ्याचे नाही आणि देणाऱ्याचेही नाही. एकदा बरे केलेले कोणी पुन्हा मोडायचे नाही. हे लिहावे लागते याची मला लाज वाटते, माझी नव्हे, आपल्या सगळ्यांच्या शिक्षणाची.

मी मिठागरावर जात राहिलो. पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरल्याने ढेकूळ उचलून मला मारले. नंतर मारले नाही. धाकट्याच्या बायकोने माझ्यासमोर तांब्या आपटून ठेवला आणि म्हणाली, "हात बरा करनार हाय का नुसता बगनार हाय?" मी खरे सांगितले, की मला माहीत नाही. पावसाळ्यापर्यंत करंगळीत मुंग्या येऊ लागल्या. ती परतण्याची खूण आहे, मी म्हणालो. तो म्हणाला, मुंग्यांनी मीठ ओढवत नाय. खांद्याचे मांस मात्र वाळून गेले होते आणि हात बाजूला उचलायला सांगितला की खांद्याऐवजी मान वर जाई. भाऊ त्याचे काम करी आणि दोघांमध्ये त्यावरून भांडणे होत. एकदा धाकट्याने डाव्या हाताने त्याच्या पाठीत मीठ ओढायची फळी घातली.

दुसऱ्या मोसमात मी तिथे असतानाच दवाखान्याचा शिपाई बांधावरून आला. उन्हाने तापलेला, चपला हातात घेऊन, मिठात पाय भाजत.

"खांदेवाला कोण?" त्याने विचारले.

धाकटा गुडघाभर खाऱ्या पाण्यात उभा होता. डाव्या हाताने फळी ओढत होता, उजवा नुसता वर टेकवलेला.

"मी."

"मोठ्या डॉक्टरांनी बोलावलंय. परवा परीक्षा आहे. म्हणाले, तीनदा निघून बसवलेला खांदा सैल असतो, लगेच निघतो, त्रास व्हायचा नाही. आणि म्हणाले, या वेळी बाटली हुंगवून करू. मागच्यासारखं नाही."

शिपाई हे सगळे पाठ केल्यासारखे आणि चांगल्या मनाने सांगत होता. डॉक्टरांनीही ते चांगल्या मनानेच सांगितले असणार. ते मागच्या वेळेपासून काही शिकले होते. काय शिकले होते ते ऐकून माझ्या सुजून बऱ्या झालेल्या जबड्यात पुन्हा कळ उठली. मी शिपायाकडे निघालो होतो. पण मिठागरवाला माझ्या आधी पोचला.

त्याने फळी टाकली. पाणी कापत बांधावर चढला आणि शिपायाच्या छातीवर दोन्ही हातांनी धक्का दिला. शिपाई मागच्या मागे खाजणातल्या पाण्यात पडला. वर येऊ लागला तसा याने त्याच्या मानेवर पाय देऊन पुन्हा खाली घातला. थोरला धावत आला, तो थांबवायला नव्हे. मी मात्र आता मध्ये पडलो आणि शिपायाला काखेत हात घालून ओढून वर काढले. त्याच्या नाकातोंडातून खारे पाणी वाहत होते. डोळे चोळत, ओकत तो मलाच विचारत होता, "मी डॉक्टरांना काय सांगू? मी काय सांगू त्यांना?"

"सोताचा घे म्हनावं," मिठागरवाला म्हणाला. "त्याचा बी हाय ना खांदा. दोन हायत."

तो धापा टाकत उभा होता. उजवा हात मी पाहिला होता. तो खांद्याच्या वर गेला नव्हता, पण डाव्याच्या बरोबरीने छातीपर्यंत उठला होता. आता तो खाली लोंबत थरथरत होता आणि दुखण्याने त्याचा चेहरा पिळवटला होता. त्याने डाव्या हाताने उजवे कोपर धरले. मी जवळ गेलो आणि त्याचे मनगट मागितले. त्याने दिले नाही. पाण्यात उतरून त्याने तरंगणारी फळी ओढून घेतली, दोन्ही हात तिच्यावर ठेवले आणि थोरल्याला म्हणाला, "बगत काय रायलास? फळी ओर."